"ओळखलंस का मला?" : लग्नकार्यात एकट्याने जाणाऱ्या नवख्यांसाठी स्टेप बाय स्टेप गाईड

'घरातलं एक माणूस तरी जायलाच पाहिजे' असं म्हणून ज्याला लग्नाला पाठवतात ते माणूस तुम्ही असाल तर हे तुमच्यासाठी लिहितेय. आईबाबांचे गुडघे कुरकुरायला लागले की हे खातं कोणी न विचारताच आपल्या नावावर होतं. ट्रेनिंग वगैरे काही नाही, थेट हॉलच्या दारात उभं करतात आणि समोरून कोणीतरी काकू दोन्ही हात पसरून येतात, "ओळखलंस का मला?" आणि आपल्याला खरंच काहीही आठवत नसतं.

नोकरीसाठी बरीच वर्षं बाहेर राहून परत आलेले, नुकतं लग्न झालेल्या मुली, आणि पहिल्यांदाच सासरच्या भावकीत उतरणारे जावई यांनाही हे उपयोगी पडेल. जावयांचे हाल जास्त असतात कारण त्यांना सगळा हॉल ओळखतो आणि ते कोणालाच नाही.

सुरुवातीलाच एक सांगते, बाकी सगळं त्यावर उभं आहे. समोरच्याला तुमच्या मेमरीची परीक्षा घ्यायची नसते, म्हणजे काहींना असते पण ते थोडे. त्यांना एवढंच हवं असतं की अमक्याची मुलगी आली होती, थांबली, वाकली, विचारपूस केली. म्हणून नाव आठवत ताटकळू नका, नातं आणि गाव शोधा. नाव कळून तरी काय करणार आहात, नावानं हाक थोडीच मारणार आहात त्यांना!

सोबत काय काय लागेल

- पत्रिका. छापील असो की व्हॉट्सअॅपवर आलेली पीडीएफ, डिलीट करू नका.
- एक खबरी. म्हणजे त्या घरातलं असं माणूस ज्याला बिनधास्त विचारता येतं की ती हिरव्या साडीतली कोण. पंधरा-सोळा वर्षांची करवली बेस्ट. मोठ्यांना विचारलंत तर ते तिथूनच ओरडतात, "अगं इकडे ये, ही विचारतेय तू कोण म्हणून!"
- फोनवर आई. मुहूर्ताच्या वेळेला झोपू नको असं आदल्या दिवशी सांगून ठेवायचं.
- आहेराचं पाकीट, घरूनच नाव घालून, आणि एक पेन.

पाकिटाबद्दल जरा जास्त बोलते कारण इथे बरेच जण चुकतात. 'अमोल आणि परिवार' असं लिहून देतात. आता त्या घरात कार्य झाल्यावर रात्री वही घेऊन बसतात आणि कोणी किती घातले ते लिहून ठेवतात, उद्या तुमच्याकडे कार्य निघालं की ती वही उघडली जाते. त्यात 'अमोल आणि परिवार' म्हणजे कोण हे कोणालाच कळत नाही, आणि तुमचे ५०१ रुपये हिशोबातून गायब. म्हणून तुमचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि खाली गाव, एवढं सगळं हवं. नुसतं 'पाटील, कोल्हापूर' लिहिणं म्हणजे काहीच न लिहिण्यासारखं. पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' छापलेलं असेल तरी आईला एकदा विचारा, काही घरांत ते मनापासून असतं आणि काही घरांत प्रेसवाल्याच्या साच्यातून आलेलं असतं.

१. पत्रिका पेपरसारखी वाचा

आपण तारीख आणि गूगल मॅपची लिंक बघतो आणि संपलं. पण नावांच्या आधी काय छापलंय ते बघा, तिथे तुमची मोठी फजिती वाचणार आहे.

'कै.' असेल ते वारले आहेत. वारकरी घरात हेच 'वै.' किंवा 'वैकुंठवासी' असं येतं, पुढे बऱ्याचदा 'ह.भ.प.' पण असतं. बौद्ध घरातल्या पत्रिकेत 'कालकथित' लिहितात. 'गं. भा.' दिसलं तर त्या बाईंचे यजमान नाहीत, हल्ली बरेच लोक हे लावत नाहीत आणि नुसतं 'श्रीमती' लिहितात, पण गावाकडच्या पत्रिकांत अजून दिसतं. हे एवढं वाचलं असेल तर "आजोबा दिसले नाहीत कुठे?" असा प्रश्न स्टेजवर उभं राहून विचारायची वेळ येत नाही.

गावाकडच्या पत्रिकेत खाली निमंत्रकांची भलीमोठी यादी असते, चुलते, चुलत चुलते, मामा, आत्याचे यजमान, सगळे. ती यादी बोअर वाटते पण हॉलमध्ये भेटणारी निम्मी माणसं तीच असतात. एक स्क्रीनशॉट काढून ठेवा, बाथरूमला गेल्यावर बघता येतो.

२. आईची मुलाखत घ्या

निघायच्या आदल्या रात्री, टीव्ही बंद करून. तीन प्रश्न.

पहिला, गेल्या दोन-तीन वर्षांत त्या गोतावळ्यात कोण कोण गेलं. पत्रिकेत फक्त त्या घरातले 'कै.' कळतात, पाहुण्यांच्या घरातले नाही.

दुसरा, कोणाचं कोणाशी बोलणं नाही. बांधावरून, वाटणीवरून, नाहीतर एखाद्या जुन्या लग्नात मानपान झाला नाही म्हणून. हे माहीत नसलं की आपण उत्साहात "तिकडे काका भेटले, तुमची चौकशी करत होते" असं सांगून मोकळे होतो आणि समोरचा चेहरा दगड होतो, कारण कोणीही कोणाची चौकशी केलेली नसते हे त्यांना पक्कं माहीत असतं.

तिसरा, मी लहान असताना आपल्याकडे राहायला आलेलं किंवा आपण ज्यांच्याकडे सुट्टीत गेलो असं कोण येणार आहे. हा प्रश्न लोक विसरतात आणि "तू एवढीशी होतीस", "माझ्या साडीवर शू केली होतीस" म्हणणारी मंडळी सगळी या गटातलीच असतात. त्यांची नावं नाही, पण तो प्रसंग माहीत असला की काम होतं. "तुमच्याकडे तो झोपाळा होता ना?" एवढं म्हणालात तरी त्यांचा दिवस चांगला जातो.

अजून दोन गोष्टी आईकडून क्लिअर करून घ्या. एक म्हणजे बदललेली नावं. बऱ्याच घरांत लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं मुलीचं नवीन नाव लिहायची पद्धत होती, काही ठिकाणी आहे अजून, त्यामुळे एकाच बाईला माहेरचे एका नावानं हाक मारतात आणि सासरचे दुसऱ्या. तुम्हाला वाटतं दोन वेगळ्या माणसांबद्दल बोलणं चाललंय. दुसरं म्हणजे घरातली नावं, नाना, अण्णा, बाळू, बेबी, माई. प्रत्येक खानदानात निदान तीन तरी नाना असतात. 'नाना आलेत' या वाक्याला काही अर्थ नाही, कुठले नाना ते गावासकट विचारा.

३. पहिलं अर्धं मिनिट

सगळा खेळ इथे आहे. प्रश्न आला की तीस-चाळीस सेकंदांच्या आत 'ओळखलं नाही' म्हणालात तर कोणाला काही वाटत नाही, सगळे हसतात. दहा मिनिटं "हो ना, हो ना" करत बसलात आणि मग उघडं पडलात तर मात्र ती गोष्ट पुढच्या चार लग्नांत सांगितली जाते.

आधी वाकून नमस्कार करा. समोरचं माणूस वयानं मोठं दिसतंय एवढं पुरे, बाकी काही कळायची गरज नाही. त्यात चार-पाच सेकंद मिळतात, आशीर्वाद देताना ते बोलतात आणि बोलण्यातून कधीकधी क्लू पण मिळतो. "तुझ्या आईसारखीच आहेस हो" म्हणाले तर बहुतेक आईकडचे.

मग हे वाक्य, पाठ करून ठेवा: "चेहरा अगदी ओळखीचा आहे, पण आईला कोण भेटलं म्हणून सांगू?"

यात तुम्ही विसरलात हे कबूल पण होतं आणि आईपर्यंत त्यांचं नाव पोचणार ही खात्री पण मिळते, त्यामुळे ते आनंदानं स्वतःच सगळं सांगतात, "सांग, विट्याची मावशी भेटली." नातं आलं, गाव आलं. आई हयात नसेल तर वडील, तेही नसतील तर मोठी बहीण, घरातलं कोणीही चालेल.

या वेळी होणाऱ्या नेहमीच्या चुका:

"हो हो, ओळखलं ना!" हे कधीही नाही. याच्यावर पुढचा बॉल ठरलेला असतो, "मग सांग बरं कोण मी?" आणि तोपर्यंत आजूबाजूला पाच माणसं जमलेली असतात.

अंदाज लावू नका. चुकीचं नाव घेतलंत आणि ते नेमकं त्यांच्या जावेचं निघालं तर संपलंच.

दोन बहिणींपैकी एक आहे एवढं कळलं तर "तुम्ही मोठ्या ना?" असं विचारायचं नाही. धाकटीला विचारलंत तर आयुष्यभर लक्षात ठेवेल.

नंबर मागायची ट्रिक सगळे सांगतात, "नंबर द्या ना, सेव्ह करते." ती अर्धवट आहे. नंबर टाकून झाला की नावाच्या रकान्यापाशी तुम्ही अडकता आणि ते वाकून स्क्रीनमध्ये बघत असतात. फोन त्यांच्या हातात देऊन "तुम्हीच टाका" म्हणावं तर ते मोठ्या प्रेमानं 'काका' टाइप करून परत देतात.

त्यापेक्षा उशीर झालाच असेल तर फोटो. "चला एक सेल्फी काढू, आईला पाठवते." लगेच पाठवा, खाली 'कोण?' एवढंच लिहा. दोन मिनिटांत उत्तर येतं. फक्त आईनं उत्तर व्हॉइस नोटमध्ये दिलं असेल तर ती तिथे स्पीकरवर लावू नका, कारण आया नुसतं नाव सांगत नाहीत, सोबत इतिहास पण सांगतात.

आणि नाव आठवलं नाही म्हणून स्वतःला फार त्रास पण करून घेऊ नका. १९८७ साली ब्रिटिश जर्नल ऑफ सायकॉलॉजीमध्ये एक प्रयोग आला होता, लोकांना अनोळखी चेहरे दाखवले आणि त्यांची आडनावं आणि व्यवसाय सांगितले, तर व्यवसाय लक्षात राहिले आणि आडनावं गळाली, अगदी तोच शब्द एकदा आडनाव म्हणून आणि एकदा व्यवसाय म्हणून दिला तरीसुद्धा. म्हणजे आपल्या भाषेत, समोरचा सुतारकाम करतो हे राहतं लक्षात आणि त्याचं आडनाव सुतार आहे हे जातं. म्हणूनच "सध्या मुक्काम कुठे?" आणि "अजून नोकरी चालूच आहे ना?" हे प्रश्न नाव विचारण्यापेक्षा कामाचे, त्यांची उत्तरं पुढच्या वेळेपर्यंत टिकतात.

४. हाक काय मारायची

नातं कळेपर्यंत काहीतरी म्हणायला लागतंच.

पुरुष असेल तर काका बहुतेक ठिकाणी चालतं. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे मामा पण गोड लागतं. विदर्भात भाऊ, आणि वाक्याच्या शेवटी 'जी' लावलंत की निम्मं काम झालं.

बाईमाणसाच्या बाबतीत जपून. आईच्या वयाच्या असतील तर काकू. गावात मावशी एकदम प्रेमाचं आहे, पण पुण्या-मुंबईत कामवाल्या बाईंना, शाळेतल्या शिपाईबाईंना सरसकट मावशी म्हणतात त्यामुळे काहींना ते लागतं. (लागू नये खरं तर, पण लागतं.) तुमच्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनीच मोठ्या असतील तर ताई किंवा वहिनी, काकू म्हणून त्यांना म्हातारं करू नका. आणि आजी हा शब्द समोरच्या बाई स्वतः "मी तुझी आजी लागते" म्हणेपर्यंत तोंडातून काढायचा नाही, केस कितीही पांढरे असोत.

वयाचा आणि नात्याचा मेळ बसेलच असं नाही. तुमच्यापेक्षा लहान मुलगा तुमचा चुलत काका लागू शकतो आणि त्याची आई तिथे उभी राहून ऐकत असते. सुरुवात 'तुम्ही'नं करा, तो स्वतःच "अगं तू म्हण" म्हणेल. उलटं करायला गेलात, म्हणजे आधी अरे-तुरे आणि मग सावरून अहो-जाहो, तर ते फार वाईट दिसतं.

शिवाय एकच माणूस दोन बाजूंनी लागतं, माहेरकडून आत्या आणि सासरकडून मावससासू असं. अशा वेळी ज्या बाजूच्या लग्नाला आलाय त्या बाजूचं नातं लावा.

५. आता बोलायचं काय

ओळख पटली, पुढे दहा मिनिटं काढायचीत. इथे एकच नियम, ज्या प्रश्नाचं उत्तर दुःखाचं असू शकतं तो आपण होऊन विचारायचा नाही. "काकू नाही आल्या?" त्या गेलेल्या असू शकतात. "सूनबाई कुठेयत?" त्या माहेरी असू शकतात, कायमच्या. "मुलगा काय करतो?" तो काही करत नसू शकतो. पोटाकडे बघून "कितवा?" तर कध्धीच नाही, बाई स्वतः सांगेपर्यंत ते फक्त पोट आहे.

बरं मग विचारायचं काय? प्रवास! "कधी निघालात, कशानं आलात?" हा कधीच न संपणारा विषय आहे. घाट कुठे लागला, ट्रॅफिक कुठे होता, गाडीवाल्यानं कुठल्या भिकार ढाब्यावर थांबवलं, माणसं आपोआप बोलत राहतात. एसटीनं आलेले असतील तर सोन्याहून पिवळं. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना प्रवास फुकट, त्यामुळे कोणत्याही ज्येष्ठ जोडप्याला "तिकीट कसं लागलं?" विचारा, आजोबा फुकट आणि आजी हाफ असं सांगताना त्यांना कोण आनंद होतो. त्यातून कंडक्टरनं आधार कार्ड कसं मागितलं ती स्टोरी निघते, ती ऐका, दहा मिनिटं गेली.

दुसरा विषय गावाप्रमाणे बदला. सांगली-कोल्हापूरचे असतील तर उसाला तोड आली का. नाशिककडचे असतील तर कांदा, पण भाव पडलेले असतील तर जरा जपून. जळगावला केळी, यवतमाळ-अकोल्याकडे कापूस आणि सोयाबीन. कोकणातले असतील तर मोहोर कसाय, नाहीतर गणपतीचं रेल्वे तिकीट मिळालं का, नोव्हेंबर २०२४ पासून रिझर्व्हेशन साठच दिवस आधी उघडतं, आधी एकशेवीस दिवस होते, त्यावर प्रत्येक चाकरमान्याचं ठाम मत आहे. तुम्हाला शेतीतलं काही कळत नसेल तरी हरकत नाही, विचारायचं आणि मान हलवायची.

नवरा-नवरीबद्दल बोलताना जोडा छान दिसतोय, यापुढे जाऊ नका. तुमच्या शेजारी बसलेलं माणूस कुठल्या पार्टीचं आहे तुम्हाला माहीत नाही.

६. ते विचारतील त्याचं काय

पगार, लग्न, गुड न्यूज, घर स्वतःचं की भाड्याचं. हे येणार. नेटवर यावर खूप टोमणे फिरतात, 'तुमच्या तेराव्याला सांगते' वगैरे, वाचायला भारी वाटतात पण हॉलमध्ये म्हणून बघू नका, संध्याकाळपर्यंत आईला फोन जातो.

पगार विचारला तर "भागतंय काका, हप्ते वेळेवर जातायत" एवढंच. आकडा कुठलाही सांगितलात तरी तोटाच, कमी सांगितलात तर तुम्हाला दुसरीकडे चिकटवायला बघतील आणि जास्त सांगितलात तर उसने मागतील.

लग्न कधी विचारलं तर एक वाक्य अजिबात वापरू नका, "बघा ना तुमच्याच बघण्यात कोणी." तुम्ही विषय टाळायला म्हणता, ते मनावर घेतात. पुढच्या आठवड्यापासून बायोडाटाच्या पीडीएफ यायला लागतात आणि प्रत्येकाला उत्तर द्यावं लागतं. "आईशी बोला, तिच्याकडेच दिलंय ते खातं" हे बरं. आईला आधी सांगून ठेवा म्हणजे तिच्या बाजूनं गडबड व्हायची नाही.

मूल कधी या प्रश्नाला हसायचं आणि लगेच "तुम्ही जेवलात का?" असं विचारायचं. लग्नाच्या हॉलमध्ये या प्रश्नाचा मान सगळ्यात मोठा आहे, कुठलाही विषय मध्येच तोडता येतो आणि कोणाला वावगं वाटत नाही. मात्र हे प्रश्न खरंच तुमच्या वर्मावर बसत असतील तर सरळ उठून जा, पाणी पिऊन येते म्हणून. सगळ्यांना सगळं सांभाळून घ्यायची तुमची ड्यूटी नाहीये.

७. सोबत नवरा किंवा बायको असेल तर

इथे डबल गोची. समोरच्याचं नाव तुम्हाला माहीत नाही आणि जोडीदार शेजारी हसत उभा आहे, ओळख करून द्यायची वाट बघत. घरून निघतानाच ठरवून या: मी लगेच ओळख करून दिली नाही याचा अर्थ मला माहीत नाही, तू स्वतःच पुढे हो. त्यानं नमस्कार करून "मी हिचा नवरा, आपण?" विचारलं तर ते अगदी साहजिक दिसतं, कारण त्याला माहीत नसणं माफ आहे. पहिली दोन वर्षं तरी ही सूट मिळते, तेवढ्यात वापरून घ्या.

८. निघताना

'जाते' नाही म्हणायचं, 'येते' म्हणायचं, हे माहीत असेलच. यजमानांना तोंड दाखवून, पाकीट हातात देऊन मगच निघा, गर्दीत स्टेजवर नुसतं सरकवलेलं पाकीट कोणाच्या पिशवीत गेलं ते कळत नाही.

खरी पंचाईत नंतर होते. सगळ्यांचा साग्रसंगीत निरोप घेतला, पाया पडून झाल्या, आणि चपला शोधताना तेच काका परत समोर. मग पार्किंगमध्ये परत. मग सिग्नलला शेजारच्या गाडीत. प्रत्येक वेळी नवीन निरोप घेऊ नका, दुसऱ्या वेळी नुसतं हसा, तिसऱ्या वेळी "सोडू का कुठे?" विचारा.

९. दुःखाच्या घरी गेलात तर यातलं काहीच चालत नाही

भेटायला जाणं असेल, दहावं, तेरावं असेल तर नियम उलटे होतात. तिथे त्यांनी तुम्हाला ओळखावं अशी अपेक्षाच ठेवू नका, त्यांचं डोकं ठिकाणावर नसतं. आत गेल्या गेल्या आपणच सांगायचं, मी अमक्यांची मुलगी, साताऱ्याहून आले. वडिलांचं नाव घ्या, तुमचं नाही घेतलं तरी चालेल.

"कसं झालं?" हा प्रश्न टाळा. सकाळपासून येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी तेच सांगितलेलं असतं, ऑक्सिजन किती होता इथपासून. त्यांनी सांगायला सुरुवात केली तर ऐका, मध्ये आपल्या ओळखीतल्या आजाऱ्याची केस घुसडू नका. बोलायला सुचत नसेल तर गप्प बसलेलं चालतं, तिथे शांततेचा कोणाला त्रास होत नाही. निघताना 'येते' म्हणायचं नाही, हात जोडून नुसतं उठायचं. आणि पुढच्या काही दिवसांत जमलं तर पिठलं-भाकरीचा डबा नेऊन द्या, न विचारता. विचारलं तर ते नकोच म्हणतात.

१०. फोनवरचं "ओळखलंस का?"

ही स्टेप आईबाबांना वाचून दाखवा, प्लीज. कारण समोरासमोरच्या "ओळखलंस का"ला फार तर लाज जाते, फोनवरच्यात पैसे जातात.

अनोळखी नंबरवरून फोन येतो, आवाज एकदम घरचा, "काय मग, विसरलात का? ओळखा बरं कोण बोलतोय!" आपण सवयीनं आणि संकोचानं नाव सुचवतो, "कोण, नाशिकचा बंटी का?" आणि तो म्हणतो, "बरोब्बर!" झालं, आता तो नाशिकचा बंटी. नाव त्यानं सांगितलंच नाही, तुम्ही त्याला दिलंत. मग दोन मिनिटं प्रेमाच्या गप्पा आणि मग हॉस्पिटलची अडचण.

दुसरा प्रकार, "बाबांचे पैसे द्यायचे होते, तुमच्या फोनवर टाकतो." मग बँकेच्या मेसेजसारखा दिसणारा एक मेसेज येतो, आणि लगेच रडवेला फोन, दोन हजार टाकायचे होते, शून्य जास्त पडलं, वीस हजार गेले, उरलेले परत करा ना. खात्यात एक रुपयाही आलेला नसतो.

काय करायचं:

- नाव कधीच आपण सुचवायचं नाही. "आवाज नीट येत नाहीये, कोण बोलतंय?" एवढंच, परत परत.
- पैशाचा विषय निघाला की फोन ठेवा आणि त्या माणसाचा आपल्याकडे आधीपासून सेव्ह असलेला नंबर लावा.
- मेसेजवर विश्वास नाही, बँकेच्या अॅपमध्ये बॅलन्स बघायचा.
- पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. पिन टाका म्हणाला की पैसे जाणार आहेत, येणार नाहीत.
- गेलेच पैसे तर ताबडतोब १९३० ला फोन, ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे. बँकेलाही त्याच वेळी कळवा. लाजून दोन दिवस घरात लपवून ठेवलं तर मग पैसे पुढे निघून गेलेले असतात.

खरंच नातेवाईक असेल आणि चिडला तर "अहो हल्ली फसवणुकीचे फोन येतात ना" म्हणा. कोणीही समजून घेतं, उलट तोच तुम्हाला त्याच्या शेजाऱ्याला कसं गंडवलं ते अर्धा तास सांगेल.

११. घरी आल्यावर

कपडे बदलायच्या आधी हे करा, सकाळपर्यंत सगळं पुसलं जातं. काढलेले फोटो आईसमोर धरा आणि एकेक माणूस विचारून घ्या. कॉन्टॅक्टमध्ये नुसतं 'सुरेशमामा' नको, 'सुरेशमामा विटा, आईचे मावसभाऊ, मे मध्ये गुडघ्याचं ऑपरेशन' एवढं लांब लिहा, नावाच्या रकान्यात जागा असते भरपूर. पुढच्या लग्नात तुम्ही "गुडघा कसाय आता?" विचारलंत की तुमच्या आईला अभिनंदनाचे फोन येतील.

आणि पाकीट द्यायचं राहून पर्समध्येच परत आलं असेल, होतं असं, तर नवऱ्या मुलाला जीपे करू नका, तो हनिमूनच्या गडबडीत असतो आणि त्याच्या खात्यात आलेलं वहीत चढत नाही. त्याच्या आईवडिलांना पाठवा आणि खाली नोटमध्ये तुमच्या वडिलांचं पूर्ण नाव आणि गाव टाका.